वजन गुणिले वेग

१८०३ च्या डिसेंबरात गाविलगडाला दोन बाजूंनी तोफा लागल्या होत्या. उत्तरेला इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन, दक्षिणेला जनरल आर्थर वेलस्ली. उत्तरेच्या तोफांनी दोन दिवसांत तटाला खिंडार पाडले. दक्षिणेकडचे गोळे मात्र दरवाजाजवळच्या भिंतीवर आपटत आणि डोंगर उतारावरून गडगडत पुन्हा खाली येत. गोळा सुटत होता, नेमही चुकत नव्हता, फक्त ज्या जोराने तो भिंतीवर पोहोचायला हवा होता तेवढा जोर त्याच्यात उरत नव्हता.

गोळीत किमान किती ताकद असावी, हा प्रश्न आज पिस्तुलाच्या एका खेळात दर स्पर्धेच्या दिवशी विचारला जातो आणि त्याचे उत्तर यंत्रावर आकड्यात मिळते. त्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १२५ भरला नाही तर तुमचे गुणच धरत नाहीत. हा आकडा अमेरिकेत जन्मला, पण त्याची मुळे शोधत गेलो की वाट हिंदुस्थानातून आणि काही अंशी आपल्या वऱ्हाडातूनही जाते. म्हणून सुरुवात गाविलगडापासून.

वसईच्या तहाने पेशवा इंग्रजांच्या कह्यात गेला आणि शिंदे-भोसले विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी असे युद्ध पेटले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांचा पराभव झाला. नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज अजून शाबूत होती. तिची गाठ २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात पडली. इंग्रजी पुस्तकांत ही लढाई ‘आरगाव’ या नावाने येते. भोसल्यांच्या बाजूने रघुजींचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, सेनापती होते. दुपार कलल्यावर इंग्रजी पलटणी पिकांतून बाहेर पडू लागल्या आणि भोसल्यांच्या तोफा कडाडल्या. असईला न डगमगलेल्या शिपायांच्या तीन पलटणी तेव्हा मागे पळाल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः पुढे होऊन आवरले, पुन्हा रांगेत उभे केले आणि अंधार पडायच्या आत लढाई जिंकली. भोसल्यांच्या ३८ तोफा मैदानात राहिल्या. उरलेल्या पायदळापैकी बरेच जण सातपुड्याच्या आश्रयाने गाविलगडात शिरले.

गाविलगड म्हणजे चिखलदऱ्याच्या बाजूला कड्यांनी तोलून धरलेला किल्ला. उत्तरेला बाहेरचा कोट, त्याच्या आत दक्षिणेच्या शिखरावर बालेकिल्ला. दक्षिणेची वाट इतकी उभी की चढणाऱ्याचाच दम निघावा. तोफा आणायच्या तर उत्तरेकडूनच, आणि त्यासाठी एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, डोंगरात शिरून मोठा वळसा घालायला हवा. स्टीव्हन्सनच्या माणसांनी ७ डिसेंबरला ही वाट धरली. सुमारे तीस मैल. आधी रस्ता तयार करायचा आणि मग त्यावरून अवजड तोफा नि दारूगोळा हाताने ओढायचा. गड पडल्यावर पाठवलेल्या खलित्यात वेलस्लीने या ओढकामाचे वर्णन मोठ्या कौतुकाने केले आहे. ज्यांच्या खांद्यांवर ते दोर होते त्यांची नावे त्यात नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? हलक्या तोफा नेणे किती तरी सोपे होते. पण १२ तारखेच्या रात्री लबाडा गावाच्या बाजूला जो मुख्य मोर्चा बांधला, त्यात दोन लोखंडी अठरा-पौंडी आणि तीन लोखंडी बारा-पौंडी तोफा होत्या. अठरा-पौंडी म्हणजे जिचा गोळा अठरा पौंडांचा, सुमारे सव्वाआठ किलो. पितळी तोफ हलकी असते, मैदानात पळवता येते, पण सतत मारा केला की तिची नळी तापून मऊ पडते. भिंतीवर एकाच जागी दिवसभर घाव घालायचे तर लोखंड हवे. पितळी बारा-पौंडी आणि हॉविट्झर तोफांना तटावरचे बचावाचे आडोसे उडवायचे हलके काम दिले होते. ओतीव लोखंडाच्या तोफांनी १३ ला मारा सुरू केला आणि १४ च्या रात्रीपर्यंत चढून जाता येईल अशी खिंडारे पडली. दक्षिणेला वेलस्लीच्या हाताशी फक्त बारा-पौंडी होत्या. त्यांचा मारा चढाच्या दिशेने आणि गाठायची उंची फार. नुसत्या गोळ्याच्या वजनाला दोष देणे बरोबर होणार नाही, कारण डोंगर उताराने त्या तोफांचे निम्मे काम आधीच बिघडवले होते. पण निकाल तोच. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडून हल्ला झाला. बालेकिल्ल्याच्या भिंतीला तोफ लागलीच नव्हती, तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघुजींच्या हातून गेला. नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले मात्र तहाने त्यांच्याकडेच राहिले, हा तपशील आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

गोळ्याचा जोर त्याच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, हे गणित स्टीव्हन्सनच्या तोफखान्याला अनुभवाने ठाऊक होते. ते प्रयोगाने मोजणारा माणूस साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. १७४२ मध्ये त्याने तोफशास्त्रावर एक छोटे पुस्तक काढले आणि त्यात एक साधे यंत्र वर्णिले. तिकाटण्याला लाकडाचा जाड ठोकळा टांगायचा, त्यावर बंदूक झाडायची. गोळी ठोकळ्यात रुतते, ठोकळा झुलतो. किती झुलला ते फितीवर मोजायचे. ठोकळ्याचे वजन ठाऊक, गोळीचे वजन ठाऊक, झोका मोजलेला. यावरून गोळी कोणत्या वेगाने येऊन आदळली ते काढता येते. त्याआधी गोळीचा वेग म्हणजे नुसता अंदाजाचा मामला होता. रॉबिन्सने दाखवले की बंदुकीची गोळी नळीतून सेकंदाला सोळाशे-सतराशे फुटांच्या घरात सुटते आणि हवा तिला कुणालाही वाटले नव्हते इतकी अडवते. थोर गणिती ऑयलरने तीन वर्षांत या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले, त्यात मूळ पुस्तकाहून मोठी आपली टिपणे घातली.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीने याच रॉबिन्सला आपला मुख्य इंजिनिअर नेमले, किल्ल्यांची डागडुजी करायला. १७५० मध्ये तो मद्रासकडे उतरला आणि वर्षभरात, जुलै १७५१ मध्ये, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात तापाने वारला. गोळीची ताकद मोजायला जगाला शिकवणारा माणूस या मातीत आहे, आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात त्याचे नाव मला आढळलेले नाही.

त्याच्या झुलत्या ठोकळ्याने मोजली जाते ती गोळीची गती-राशी, म्हणजे वजन गुणिले वेग. पॉवर फॅक्टर दुसरे काही नाही.

तोफेकडून पिस्तुलाकडे येताना मधला टप्पा पुन्हा हिंदुस्थानातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकांची नळी बारीक झाली आणि गोळीचा वेग वाढला. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर सैन्यातून तक्रार आली की नव्या .३०३ रायफलची बारीक गोळी माणसातून आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीचे टोक उघडे ठेवले. ती शरीरात शिरली की फुलत असे आणि भयंकर जखम करत असे. युरोपात यावर इतका गहजब झाला की १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. सरहद्दीवरच्या पठाणांवर त्या झाडल्या जात होत्या तेव्हा एवढा कळवळा कुणाला आला नव्हता.

मग पाळी अमेरिकेची. फिलिपिन्सच्या दक्षिण बेटांवर मोरो योद्ध्यांशी लढताना त्यांच्या सैन्यातले .३८ चे रिव्हॉल्व्हर कुचकामी ठरले. गोळ्या लागूनही माणूस अंगावर येतो अशी कागदोपत्री तक्रार झाली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि प्रेतांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. प्रयोग क्रूर होता, आजच्या मापाने शास्त्रीयही नव्हता, पण निष्कर्ष ठाम होता: हातातल्या शस्त्राची गोळी .४५ इंचापेक्षा लहान नको. त्यातून १९११ मध्ये ते प्रसिद्ध .४५ पिस्तूल सैन्यात आले. त्याची गोळी २३० ग्रेनची. आपल्या जुन्या मापात एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा ही गोळी सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. वेग सेकंदाला सुमारे ८३० फूट. गुणाकार करून हजाराने भागले की १९० येतात. फिलिपिन्समध्ये नापास झालेल्या .३८ ची गोळी १५० ग्रेनची, वेग ७७० च्या आसपास. तिचे येतात ११५. आजच्या खेळाची किमान रेषा आहे १२५. तेव्हा हा नियम नव्हताच, तरी रेषा जणू त्याच तक्रारीवरून आखल्यासारखी दिसते.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर या डोंगरी गावात जेफ कूपर नावाच्या मरीन दलातल्या माजी अधिकाऱ्याने एक स्पर्धा भरवायला सुरुवात केली. तोवर पिस्तुलाची नेमबाजी म्हणजे एक हात कमरेवर, दुसरा सरळ, श्वास रोखून सावकाश एकेक गोळी. कूपरला हे लटके वाटे. त्याच्या स्पर्धेत दोन गडी समोरासमोरच्या फुग्यांकडे तोंड करून उभे राहत, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, आणि खूण होताच उपसून सात यार्डांवरचा फुगा आधी कोण फोडतो ते पाहायचे. बहुतेक गडी कमरेच्या उंचीवरून धडाधड गोळ्या झाडत आणि चुकत. जॅक वीव्हर नावाचा एक पोलिस उपअधिकारी मात्र पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यासमोर आणी, क्षणभर उशिरा झाडी आणि जिंके. त्याच्या हातात होते .३८ चे साधे रिव्हॉल्व्हर.

इथेच खरी अडचण सुरू झाली. फुग्याला काय, टाचणीही पुरते. वीव्हरचा हात पक्का होता हे खरे, पण पिस्तूल जितके हलके उडेल तितका दुसरा नेम लवकर धरता येतो हेही खरे. स्पर्धा नुसत्या वेगावर आणि नेमावर ठेवली तर सगळे जण हलकी काडतुसे घेऊन येतील आणि ज्या लढाऊ शस्त्राचा सराव म्हणून खेळ मांडला, तेच शस्त्र बाजूला पडेल. कूपरची धारणा होती की नेम, ताकद आणि वेग या तिन्हींना सारखे वजन हवे. त्याने लॅटिन भाषेतले तीन शब्द या खेळाचे ब्रीद म्हणून निवडले: डिलिजेंशिया, विस, सेलेरिटास. मधला ‘विस’ म्हणजे ताकद, आणि नियमात बसवायला तिघांत हाच सर्वात अवघड.

मे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया इथे निरनिराळ्या देशांतले चाळीसेक जण जमले. तिथे आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघ स्थापन झाला, म्हणजे आयपीएससी. कूपर पहिला अध्यक्ष. एक वर्ष आधी झुरिकला जी स्पर्धा झाली होती ती पहिली जागतिक स्पर्धा मानली जाते. ती रे चॅपमन या अमेरिकनाने जिंकली.

ताकदीचा प्रश्न त्यांनी दोन तऱ्हांनी सोडवला. एक, खाली मर्यादा आखली: इतकी ताकद नसेल तर गुण नाहीत. दोन, त्याच्या वर दुसरी रेषा आखली आणि ती ओलांडणाऱ्याला बक्षीस ठेवले. पहिल्या रेषेच्या वरचा ‘मायनर’, दुसरीच्या वरचा ‘मेजर’. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधल्या भागात गोळी लागली तर दोघांनाही पाचच गुण. पण नेम जरा बाहेर गेला तर मेजरला चार, मायनरला तीन. त्याहून बाहेर गेला तर मेजरला दोन, मायनरला एक. म्हणजे अचूक मारणाऱ्याला ताकदीचा फायदा शून्य, चुकणाऱ्याला थोडी सूट. मला हा नियम या सगळ्या इतिहासातला सर्वात हुशार तुकडा वाटतो. जास्त धक्का सोसणाऱ्याला त्या धक्क्यामुळे होणाऱ्या चुकीत सवलत मिळते.

आता ताकद मोजायची कशी? सुरुवातीच्या काळात त्यांनी जे आणले ते रॉबिन्सचेच यंत्र होते: टांगलेला लोलक. गोळी आदळली की तो किती मागे जातो ते खुणेवर पाहायचे. जवळजवळ अडीचशे वर्षे जुनी कल्पना स्पर्धेच्या मैदानावर झुलत होती. पुढे इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ स्वस्त झाले. दोन पडद्यांमधून गोळी जाते, मधला वेळ मोजला जातो, वेग मिळतो. आजची रीत अशी: स्पर्धकाच्या काडतुसांतून पंच स्वतः आठ काढून घेतात. एका काडतुसातली गोळी उपसून काट्यावर तोलतात. बाकीच्यांपैकी तीन त्याच्याच पिस्तुलातून झाडून वेगाची सरासरी काढतात. कमी पडली तर आणखी तीन झाडतात आणि सहांतल्या सर्वोत्तम तीन धरतात. ग्रेनमधले वजन गुणिले फुटांतला वेग, भागिले हजार. दशांशाला किंमत नाही. नियमपुस्तिकेत उदाहरणच दिले आहे की १२४.९९९९ म्हणजे १२५ नव्हे. मेजर म्हणून नाव नोंदवले आणि आकडा भरला नाही, तर पूर्ण स्पर्धा मायनरच्या गुणांनी मोजली जाते. मायनरही भरला नाही तर गडी पुढे हवे तर झाडू शकतो, पण त्याच्या नावापुढे गुण लागत नाहीत.

नियम आला की पळवाट येतेच. मेजरची रेषा बराच काळ १७५ होती. ती .४५ च्या जाड गोळीला आरामात गाठता येई. पण १९८० च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस या दोन तरुण अमेरिकनांनी .३८ सुपर हे बारीक काडतूस हाताशी धरले. त्याची गोळी हलकी, म्हणून आकडा भरायला वेग खूप वाढवायचा, म्हणजे दारू ठासून भरायची. जास्त दारू म्हणजे जास्त वायू. नळीच्या टोकाला छिद्रे असलेला कॉम्पेन्सेटर बसवला की हाच वायू वर उसळतो आणि पिस्तुलाचे तोंड खाली दाबून धरतो. ताकदीची अट पाळली, आणि अट पाळायला लागलेल्या दारूनेच धक्का जिरवून टाकला! शिवाय बारीक काडतुसे मॅगझिनमध्ये जास्त मावतात. कागदावर एकही नियम मोडला नव्हता.

किंमत मात्र मोजावी लागली. जुन्या बनावटीच्या पिस्तुलांत काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग नळीबाहेर उघडा राही. दाब हाताबाहेर गेला की पितळी पुंगळी तिथे फाटे आणि जळता वायू नि कपचे झाडणाऱ्याच्या तोंडावर येत. अमेरिकन नेमबाजांनी त्याला ‘सुपर फेस’ असे चेष्टेचे नावही पाडले. गनस्मिथ लोकांनी नळीचा आधार वाढवला, महासंघाने विभाग वेगळे केले. कॉम्पेन्सेटर आणि काचेतला लाल ठिपका चालणारा तो ओपन विभाग. तिथे मेजरची रेषा खाली १६० वर आणली. साध्या साच्याचा तो स्टँडर्ड. तिथे ती १७० आणि मेजरसाठी गोळी किमान .४० ची हवी. प्रॉडक्शन विभागात, जिथे दुकानातले पिस्तूल जवळपास जसेच्या तसे वापरायचे, मेजर हा प्रकारच ठेवला नाही, सगळे मायनर. किमान रेषा सगळीकडे १२५.

१९९० मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग लाल ठिपक्याची दुर्बीण लावून जिंकला, असा तो पहिलाच विजेता. कूपरला हे सगळे मुळीच आवडले नाही. कमरेला लावून कुणी हिंडणार नाही असले शर्यतीचे पिस्तूल पाहून तो आपल्याच खेळावर शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. २००६ मध्ये तो वारला.

या सगळ्यात अकोल्या-अमरावतीचा नेमबाज कुठे बसतो? त्यासाठी आपला कायदा पाहावा लागतो. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बंद केले आणि युरोपियनांना सूट दिली. या अपमानाची सल इतकी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला आणि खेळ किंवा स्वसंरक्षणासाठी लांब नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला वेगळी, सोपी वाट ठेवली. रोही आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या आमच्या शेतकऱ्यासाठी ही तरतूद कागदावरची नव्हती. पिस्तुलाचे तसे नाही. १९६२ च्या नियमांनी एक यादी केली: सैन्याची ९ मिलिमीटरची, .४५ ची, .३८० आणि .४५५ ची काडतुसे ज्यात बसतात ती सगळी पिस्तुले-रिव्हॉल्व्हर ‘प्रतिबंधित बोअर’. २०१६ चे नवे नियम आले तरी ही चौकट तीच आहे.

यादीमागचे कारण ताकदीचे नव्हतेच. सरकारी गोदामातले काडतूस चोरून खासगी शस्त्रात चालू नये, एवढाच हेतू. म्हणून .३५७ मॅग्नम, ज्याचा पॉवर फॅक्टर ९ मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त, ते परवान्यावर चालते आणि ९ मिलिमीटर चालत नाही. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी शस्त्रांची आयात थांबली, त्यामुळे असली विदेशी रिव्हॉल्व्हरे मोजकीच आणि त्यांची किंमत सोन्यासारखी. नव्याने घ्यायचे तर मुख्यतः उरते .३२ चेच शस्त्र, जसे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना, शिकारीच्या बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसेही तिथलीच. या .३२ ची गोळी ९८ ग्रेन, वेग सातशेच्या आसपास. गुणाकार होतो सत्तरच्या आतबाहेर. दुप्पट केली तेव्हा कुठे मायनर ओलांडते.

म्हणजे आयपीएससीचा खेळ ज्या दोन काडतुसांवर उभा राहिला, ९ मिलिमीटर आणि .४५, ती दोन्ही आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला बंद, आणि जे सहज मिळते ते क्रोनोग्राफपुढे उभेही राहू शकत नाही. वऱ्हाडात हा खेळ का रुजला नाही, याला दुसरे कारण शोधायची गरज नाही. शिकारीची जुनी परंपरा होती, तीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाल्यावर संपली. ती संपली ते चांगलेच झाले, पण तिच्याबरोबर नेमबाजीची घरगुती शिकवणीही गेली.

भारतीय नेमबाजी दुसऱ्या वाटेने वाढली. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने. अहमदाबादचे हे मराठी गृहस्थ गांधींच्या तालमीतले, आणि देशातले अनेक होतकरू नेमबाज त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून वर आले आहेत. त्यांनी धरलेली वाट ऑलिंपिकची. तिथे ताकदीला खालची मर्यादा नाही. उलट गोळी जितकी मवाळ तितके बरे. सेंटर-फायर पिस्तुलाच्या प्रकारात नियम नळीच्या मापाचा: ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर. जगभरचे नेमबाज त्यातले सर्वात सौम्य म्हणून .३२ चेच काडतूस निवडतात, तेच जे वर सत्तरला अडकले होते. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाला याच प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवले आणि २००६ मध्ये दोह्यात ५९० गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने रॅपिड फायरमध्ये रौप्य आणले. पूर्वी या प्रकारात .२२ चे आखूड काडतूस चाले. २००५ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने ते बंद करून नेहमीचे लांब .२२ सक्तीचे केले. ऑलिंपिकच्या बाजूनेही ताकदीची पायरी एकदा अशी वर सरकली आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले आणि २०१८ मध्ये पालेमबांगला आशियाई स्पर्धेचे. तिच्या २५ मीटर प्रकारातही हेच .२२ चालते. गोळी ४० ग्रेन, वेग हजार-पन्नास फुटांच्या जवळपास. पॉवर फॅक्टर ४२.